कार्पेटवरचे खळगे : काही टिपणे

इंग्लंडमधल्या घरांत कार्पेट जिन्याच्या पायऱ्यांवरही असतं. कडेच्या खिळेपट्ट्यांवर ताणून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पक्कं बसवलेलं असतं. आपल्या सतरंजीसारखं उचलून झटकता येत नाही, उन्हात टाकता येत नाही, दिशा बदलून अंथरता येत नाही. त्यामुळे एकदा लावलेलं कपाट वर्षानुवर्षं त्याच चार ठिकाणी उभं राहतं, आणि ते हलवलं की खाली चार खळगे दिसतात. माझं शिक्षण कापडाच्या तंतूंचं. म्हणून ओळखीच्या मराठी घरांतून या खळग्यांबद्दल विचारणा होत असते, विशेषतः घर सोडायची वेळ आली की. त्या विचारणांना उत्तरं देता देता साठलेली ही टिपणं.

*

पहिली तपासणी बोटांनी करावी. खळग्यात दोन बोटं टेकवून जोर द्या, मग वीतभर अंतरावर चांगल्या भागात तसाच जोर द्या. दोन्हीकडे खालून सारखाच उसळता स्पर्श लागला, तर फक्त वरची लव आडवी झाली आहे. खळग्यात मात्र बोटांना लगेच कठीण जमीन लागत असेल आणि शेजारी बोटं आणखी आत जात असतील, तर कार्पेटखालचा फोमचा मऊ थर, म्हणजे अंडरले, बसला आहे.

या दोन्ही गोष्टी वरून एकसारख्या दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. लवेला पाणी आणि ऊब देऊन उठवता येतं. फोमच्या पोकळ्या एकदा कोसळल्या की कितीही वाफ दिली तरी त्या उभ्या राहत नाहीत. हे आधी पाहिलं नाही, तर माणूस संध्याकाळभर लवेवर मेहनत घेतो आणि खळगा तिथेच असतो.

*

दाबाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

साठ किलोचं माणूस अनवाणी उभं राहिलं तर दोन्ही तळव्यांचा टेकलेला भाग साधारण ३०० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० ग्रॅम. तीन माणसं बसलेला सोफा घ्या. सोफा ६० किलोचा, माणसं १८० किलोची, एकूण २४०. चार गोल पाय, प्रत्येकाचा व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे एका पायाखाली २० चौरस सेंटिमीटरला थोडी कमी जागा. दाब झाला चौरस सेंटिमीटरला ३ किलो. माणसाच्या पावलाच्या पंधरापट.

आता उभा पियानो. इथल्या जुन्या घरांत तो अजून असतो, आणि मुलांना शिकवण्यासाठी आपली माणसंही हौसेने घेतात. वजन २०० ते २५० किलो, खाली चार छोटी चाकं. वजन २२० किलो धरलं तर प्रत्येक चाकावर सरासरी ५५ किलो येतं. चाकाचा टेकलेला भाग ३ चौरस सेंटिमीटर धरला तर दाब चौरस सेंटिमीटरला १८ किलोच्या पुढे जातो. प्रत्यक्षात मागच्या चाकांवर भार जास्त असतो, म्हणून तिथले खळगे नेहमी खोल. त्याच चाकाखाली ९ सेंटिमीटर व्यासाची लाकडी वाटी ठेवली की ५५ किलो ६४ चौरस सेंटिमीटरवर पसरतात आणि दाब एका किलोच्याही खाली येतो. वजन ग्रॅमभरही कमी न होता दाब विसाव्या हिश्श्यावर येतो. फर्निचरच्या दुकानात कोपऱ्यातल्या टोपलीत पडलेल्या या वाट्यांकडे कोणी लक्ष देत नाही. कार्पेट वाचवणारी इतकी स्वस्त दुसरी वस्तू मला माहीत नाही.

*

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून खुर्च्यांच्या पायांना चिकटवायच्या ज्या फेल्टच्या टिकल्या मिळतात, त्यांचा कार्पेटवर काही उपयोग होत नाही. टिकली पायाएवढीच असते, भार पसरवत नाही. पातळ मऊ प्लास्टिकच्या बशाही तशाच. त्या पायाखाली वाकतात आणि भार मधोमधच राहतो. बशी कडक हवी आणि पायापेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठी हवी. रबरी वाट्या हलक्या रंगाच्या कार्पेटवर नकोतच. काही रबरांतून बाहेर पडणारी रसायनं तंतूला पिवळा डाग देतात आणि तो डाग खळग्यापेक्षा चिवट असतो.

*

इंग्लंडमधलं बरं, टिकाऊ कार्पेट म्हणजे पुष्कळदा ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन. लोकर उसळी देते, नायलॉन झिजेला तोंड देतं. खळग्यांच्या बाबतीत हे मिश्रण घरमालकाचं नशीबच म्हणायला हवं.

लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. आपले केसही त्याचेच. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी सोडलेले केस वळणावळणाचे निघतात, आणि ते पुन्हा भिजवले की वळण जातं. प्रथिनाच्या साखळ्यांमधले हायड्रोजनचे दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना नव्या जागी जुळतात, म्हणून हे होतं. पायाखाली दबलेल्या लोकरीतही असंच घडलेलं असतं. हवेतला ओलावा येतो-जातो, बंध सुटतात, जुळतात, आणि दर वेळी आडव्या स्थितीतच जुळतात. वाफ दिली की ते पुन्हा सुटतात. त्या वेळी लव हाताने उभी केली आणि उभी असतानाच सुकू दिली, तर नवी जुळणी उभ्या स्थितीत होते. लोकरीचा खळगा काढण्याची सगळी कृती एवढ्यावर उभी आहे. ‘उभी असतानाच सुकू दिली’ हा भाग लोक विसरतात. वाफ देतात, बोटं फिरवतात आणि ओल्यावरच पुन्हा कपाट ठेवतात. अशाने खळगा आधीपेक्षा पक्का होतो.

लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी धरूनही हाताला कोरडी लागते. म्हणून ‘हात लावून पाहिलं, वाळलंय’ एवढ्यावर विसंबू नये. एक दिवस जाऊ द्यावा.

*

कृत्रिम तंतूंचा स्वभाव वेगवेगळा आहे, आणि तिथे एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

नायलॉन त्यातलं सर्वात समजूतदार. ते थोडं पाणी घेतं, साधारण हवेत वजनाच्या ४ टक्के. कोरडं नायलॉन ५० अंश सेल्सिअसच्या सुमारास ताठरपणा सोडू लागतं. ओलं झालं की हाच उंबरठा खोलीच्या तापमानाजवळ येतो. म्हणून थोडं पाणी आणि थोडी ऊब मिळाली की नायलॉनची लव उठते.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याचा उंबरठा ७० ते ८० अंशांवर. त्याला वाफेचीच ऊब लागते, नुसत्या पाण्याने काही होत नाही.

पॉलिप्रॉपिलीनबद्दल मला नेहमी काळजी वाटते. भाड्याच्या घरांत आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत स्वस्त म्हणून हेच टाकलेलं असतं. ते पाणी मुळीच घेत नाही. त्याचा उंबरठा शून्याच्याही खाली आहे, म्हणजे खोलीच्या नेहमीच्या तापमानालाच हा तंतू ओझ्याखाली हळूहळू सरकत राहतो आणि ओझं उतरलं तरी पूर्ण परत येत नाही. आणि १६० अंशांच्या जरा पुढे तो वितळतो. सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास असते. पुढचं सांगायला नको. वितळलेली लव चकचकीत, कडक होते आणि ती कोणत्याही उपायाने मूळ रूपात येत नाही.

*

तंतू ओळखायचा कसा? बिल किंवा कार्पेटच्या पाठीवरचं लेबल असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून किंवा दाराच्या चौकटीपाशी कडेचा एक झुबका कात्रीने काढा आणि वाटीभर पाण्यात बोटांनी चुरून, हवेचे बुडबुडे पूर्ण काढून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता ०.९१. ते पुन्हा वर येऊन तरंगतं. लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर तिन्ही तळाशी जातात. फक्त बुडबुडे नीट काढायला हवेत, नाहीतर लोकरही थोडा वेळ तरंगून फसवते.

बुडालेल्या तंतूंमधून लोकर निवडायची तर चिमट्यात धरून एखादा धागा मोरीत जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोज, आणि तसं असेल तर पाण्याची भांडी लांब ठेवा. त्याबद्दल पुढे लिहिते.

*

लेस्टरमधल्या एका काकूंनी बोलावलं होतं. मुलाच्या घरी राहायला जायचं म्हणून त्यांनी सागवानी देव्हारा हलवला होता. खाली चार खोल खळगे, आणि काकू इस्त्री तापवून तयार.

“काकू, इस्त्री राहू द्या जरा. आधी हे कशाचं आहे ते बघू.”

“अगं, लोकरीचंच आहे. यांनी घेतलं होतं, चांगलं महागाचं.”

“असेल. पण एक वाटी पाणी द्या मला.”

झुबका बुडाला, धाग्याला जळल्यावर केसांचा वास आला. काकूंचं म्हणणं खरं होतं. मग त्यांच्या कपाटातला एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा ओला करून घट्ट पिळला, खळग्यावर दुहेरी घडी करून टाकला आणि मध्यम तापलेली इस्त्री त्यावर काही क्षण टेकवून उचलली. पंचा काढून लव बोटांनी उलट दिशेने वर ओढली, मऊ ब्रशने उभी केली. पुन्हा पंचा, पुन्हा इस्त्री. दोन खळगे तासाभरात निम्म्याहून अधिक भरले. उरलेले दोन भिंतीकडचे होते. तिथे बोटांनी दाबलं तर जमीन लगेच लागत होती. अंडरले गेलं होतं. काकूंना तसं सांगितलं. “म्हणजे एवढंच होणार?” “लव अजून थोडी उठेल काही दिवसांत, पण खोलगटपणा राहील.” त्यांनी मान हलवली आणि पंचा पिळून दोरीवर टाकला.

पंचा पांढरा होता हे महत्त्वाचं. रंगीत कापडाचा रंग वाफेने कार्पेटमध्ये उतरतो.

*

बर्फाचा उपाय सर्वांना माहीत आहे. खळग्यात बर्फाचे खडे ठेवायचे, रात्रभर वितळू द्यायचे, सकाळी पाणी टिपून लव उठवायची. तो चालतो, पण त्यामागचं कारण लोक चुकीचं समजतात. थंडीने काही होत नाही. बर्फ पाणी हळूहळू, थेंबाथेंबाने आणि नेमक्या जागी सोडतो. पेलाभर पाणी ओतलं तर ते पसरतं, पाठीपर्यंत जातं, फोममध्ये मुरतं. बर्फाच्या पाण्याला लवेतच मुरायला वेळ मिळतो. म्हणून लोकरीला आणि नायलॉनला बर्फ ठीक. पॉलिएस्टरला जवळजवळ निरुपयोगी. पॉलिप्रॉपिलीनला पूर्ण निरुपयोगी, पाणी तंतूत शिरतच नाही.

टिपायचं म्हणजे दाबून टिपायचं. घासलं की लवेची पिळलेली टोकं सुटतात आणि खळगा जाऊन तिथे केसाळ डाग राहतो.

पाठ तागाची असेल तर पाण्याला आणखी जपावं. ताग भिजून सावकाश वाळला की त्यातला तपकिरी रंग वर चढतो आणि लवेच्या टोकांवर येऊन बसतो. लाकडी जमीन असेल तरी बर्फ मोजकाच.

*

पॉलिप्रॉपिलीनच्या खळग्याला काय करायचं? व्हॅक्यूमच्या नळीने लव ओढून घ्यावी, केस वाळवायच्या यंत्राची मध्यम ऊब हातभर अंतरावरून द्यावी आणि मधूनमधून स्वतःचा हात तिथे धरून पाहावा. हाताला चटका बसेल इतकी ऊब नकोच. ऊब देता देता बोटांनी लव उभी करावी आणि गार होईपर्यंत तशी धरावी. थोडा फरक पडतो. बाकीचा स्वीकारावा.

*

काही न करता थांबणं हाही उपाय आहे. तंतू आणि फोम दोन्ही ओझ्याखाली आधी झपाट्याने दबतात, मग हळूहळू. ओझं काढल्यावर परत येणंही त्याच चालीने होतं, पहिल्या काही तासांत बरंचसं आणि उरलेलं सावकाश. ओझं जितका काळ होतं त्या मानाने परतायला वेळ लागतो. फर्निचर हलवल्यावर आठवडाभर रोज व्हॅक्यूम फिरवून थांबलं, तर कित्येक उथळ खळग्यांना बर्फाचीही गरज पडत नाही. घर सोडायचं असेल तर जड सामान आधी हलवून ठेवावं. सामान नेणाऱ्यांच्या दिवशीच खळगे पाहायला बसू नये.

*

गणपतीत आमच्याकडे बैठकीची खोली रिकामी होते. सोफा जेवणाच्या खोलीत, पुस्तकांचं कपाट भिंतीला सरकवलेलं, मधल्या मोकळ्या जागेत चौरंग. इथल्या बऱ्याच मराठी घरांत असंच असतं. दीड दिवस असो की पाच दिवस, तेवढ्या काळात सोफ्याखालची लव मोकळा श्वास घेते. विसर्जनानंतर सामान परत लावताना ते अंगठाभर इकडेतिकडे लावलं की पाय नव्या लवेवर येतात. सणासाठी होणारी ही हलवाहलव कार्पेटसाठी वर्षातली सर्वात चांगली गोष्ट आहे, आणि मी ओळखीच्यांना सांगते की एकदा दिवाळीतही करा, एकदा पाडव्यालाही करा.

हलवताना उचला, ओढू नका. ओढलेला पाय लवेला मुळापासून सैल करतो.

*

फर्निचर उचलण्याचं आणखी मोठं कारण आहे, फक्त लोकरीपुरतं. कसर. कपड्यांना लागणारा पतंग अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या लोकर खातात. कार्पेट बीटल नावाच्या छोट्या भुंग्याच्या केसाळ अळ्याही तेच करतात. कपाटाखाली व्हॅक्यूम पोचत नाही, उजेड पोचत नाही, पायांची वर्दळ नाही. त्यांना याहून चांगलं घर कुठे मिळणार? कपाट हलवल्यावर खळग्याच्या कडेला लव जमिनीलगत कातरल्यासारखी दिसली, रवाळ भुकटी दिसली किंवा पांढरे जाळीदार कोष दिसले, तर खळग्याचा विचार सोडून आधी त्यांचा बंदोबस्त करावा. मी खळगे पाहायला गेले आणि तिथे कसर सापडली, असं एकाहून अधिक घरांत झालं आहे.

*

कार्पेट धुऊन घेतल्यावर ओल्या लवेवर फर्निचर ठेवायची घाई महागात पडते. पायांच्या तळाशी खिळे किंवा धातूच्या चकत्या असतात, त्यांचा गंज ओल्यात उतरतो. पॉलिश केलेल्या लाकडी पायांचा लालसर-तपकिरी रंग उतरतो. धुणारे कारागीर जाताना पायांखाली ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे किंवा फोमचे ठोकळे ठेवून जातात ते यासाठीच. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत काढू नयेत.

*

हा भाग विद्यार्थ्यांसाठी. पुणे-नागपूर-कोल्हापूरहून शिकायला येणारी मुलं भाड्याच्या खोलीत राहतात आणि खोली सोडताना अनामत रकमेच्या चिंतेने कार्पेटशी झटापट सुरू करतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून बहुतेक भाडेकरारांतली अनामत रक्कम सरकारमान्य संरक्षण योजनेत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि वाद झाला तर त्या योजनेमार्फत निवाडा मागता येतो. नेहमीच्या वापराने होणाऱ्या स्वाभाविक झिजेसाठी पैसे कापता येत नाहीत. पलंगाच्या आणि टेबलाच्या पायांचे साधे खळगे सहसा याच झिजेत धरले जातात. खोली फर्निचरसकट घेतलेली असेल तर ते पाय घरमालकाच्याच पलंगाचे असतात. इस्त्रीने वितळलेला चट्टा मात्र झीज म्हणून कोणी मान्य करणार नाही. ते सरळ नुकसान.

म्हणजे ज्या खळग्यासाठी बहुधा काहीच द्यावं लागलं नसतं, तो काढण्याच्या धडपडीत खोलीभर कार्पेटचा खर्च अंगावर येऊ शकतो. ही गोष्ट मी प्रत्येक मुलाला आणि मुलीला सांगते, आणि पुन्हा सांगते. खोलीत शिरल्याच्या दिवशी कार्पेटचे फोटो काढून ठेवा, पलंग हलवून त्याखालचेही. सोडताना व्हॅक्यूम करा, बोटांनी लव उठवा. तंतू कोणता ते माहीत नसेल तर इस्त्री पेटीतच राहू द्या.

*

व्हिस्कोजबद्दल लिहायचं राहिलं होतं. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी जे झुळझुळीत गालिचे विकले जातात ते बहुधा व्हिस्कोज असतं, लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून काढलेलं. पुण्या-मुंबईच्या नव्या घरांत सोफ्यासमोर हल्ली हेच अंथरलेलं दिसतं. ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पाण्याचा थेंब सुकला तरी तिथली लव चिकटून काळपट वर्तुळ राहतं. त्याला बर्फ नको, ओला पंचा नको, वाफही नको. कोरड्या मऊ ब्रशने लवेच्या दिशेने हलकेच विंचरावं. राहील तेवढा खळगा राहू द्यावा. असा गालिचा घेतानाच त्यावर जड पायांचं काही ठेवायचं नाही हे ठरवून घ्यावं.

*

हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा, काश्मीरचा किंवा भदोहीचा (भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), महाराष्ट्रातल्या घरांत शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर थेट अंथरतात. खाली फोम नसतो, म्हणून अंडरले बसण्याचा प्रश्न नाही. पण लोकर वरून लाकडी पाय आणि खालून दगड यांच्यामध्ये सापडते, आणि धारदार कडेचा पाय काही वर्षांत धागा कापूनही टाकतो. अशा गालिच्याखाली पातळ फेल्ट घालावं आणि वर्षातून एकदा गालिचा अर्धा फिरवावा. इंग्लंडच्या भिंतभर कार्पेटला न मिळणारं हे सुख आपल्याला आहे, ते वापरावं.

एक सूचना पावसाळ्याची. जुलैत कोकणात किंवा मुंबईत खळगा काढायला गालिचा ओला करू नये. लोकर वाळत नाही, पाठीचं सूत कुबट होतं, बुरशी धरतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की करावं, आणि वाळवायला सावली बरी, थेट उन्हाने रंग विटतो.

*

विणलेलं आणि टोचलेलं. डेव्हन परगण्यातल्या ॲक्समिन्स्टर गावी थॉमस व्हिटीने १७५५ मध्ये कार्पेट विणायला सुरुवात केली आणि त्या गावाचं नाव विणीच्या एका प्रकाराला कायमचं चिकटलं. अशा कार्पेटमध्ये झुबका पाठीच्या विणीतच अडकवलेला असतो, लव आखूड आणि दाट असते. शेजारचे झुबके एकमेकांना आधार देतात, त्यामुळे खळगे उथळ राहतात. आज बाजारात बहुतेक माल टफ्टेड असतो, म्हणजे तयार कापडात सुयांनी झुबके टोचून मागून लॅटेक्सने चिकटवलेला. तेही वाईट नाही, पण त्यावर फार वाफ-पाणी करू नये. लॅटेक्स सुटलं की पाठ आणि लव वेगळी होऊन फुगवटा येतो.

उंच, मऊ, विरळ लव दुकानात हाताला छान लागते. खळगे तिथेच सर्वात खोल पडतात. बोटांनी लव बाजूला सारून पाहावी. पाठ सहज दिसली तर ती विरळ आहे.

*

न उठणाऱ्या खळग्यावर शेवटचा इलाज कार्पेट बसवणाऱ्या कारागिराकडे असतो. तो कडेची पट्टी सोडवतो, कार्पेट दुमडतो, बसलेलं अंडरले तेवढंच कापून त्याच जाडीचा नवा तुकडा बसवतो आणि कार्पेट पुन्हा ताणतो. लवच वितळली किंवा तुटली असेल तर तेवढा चौकोन कापून जुळणारा तुकडा चिकटवतात. जुळणारा तुकडा येतो जिन्याखालच्या फडताळातून किंवा भिंतीतल्या कपाटाच्या तळातून. इथल्या घरांत बसवताना तेच कार्पेट तिथवर नेलेलं असतं, आणि वयाने आणि रंगानेही ते सारखं असतं. लवेची दिशा जुळली नाही तर ठिगळ उजेडात उठून दिसतं, म्हणून कापण्याआधी दोन्हीकडे खडूने बाण काढून ठेवायला सांगावं.

*

नवं कार्पेट घेताना दुकानदार रंग आणि भाव याबद्दल भरभरून बोलतो, अंडरलेबद्दल घाईत. खळग्यांच्या दृष्टीने मला अंडरलेच जास्त महत्त्वाचं वाटतं. जाड, मऊ फोमवर पाऊल सुखावतं, पण कपाटाचे पाय त्यात रुततात. जड सामानाच्या खोलीत दाट रबराचं किंवा फेल्टचं अंडरले घ्यावं, जाडी थोडी कमी चालेल. उत्पादकाच्या तांत्रिक कागदावर आयएसओ ३४१६ हा क्रमांक दिसतो का पाहावं. जड ओझं दीर्घकाळ ठेवल्यावर कार्पेटची जाडी किती घटते आणि किती परत येते, हे मोजण्याची ती प्रमाणित पद्धत आहे.

तो कागद मिळाला नाही तर एक साधी गोष्ट मागावी. कार्पेटचे आणि अंडरलेचे वीतभर नमुने बहुतेक दुकानदार घरी देतात. दोन-तीन जोड्या आणाव्यात, एकावर एक ठेवून पुस्तकांच्या भरलेल्या कपाटाच्या एकेका पायाखाली सरकवाव्यात आणि आठवडाभर तशाच ठेवाव्यात. मग काढून खिडकीच्या उजेडात ओळीने मांडाव्यात, आणि कोणती संध्याकाळपर्यंत सर्वात जास्त भरून येते ते पाहून त्या जोडीची ऑर्डर द्यावी.